उजव्या गोगलगायी

रविवार, २६ ऑक्टोबर २०१४

आधी आली ती मीनलच. दिवाळीच्या फराळाला साडेअकराला या म्हटलं होतं, तर ही सव्वादहाला दारात. म्हणे वुडलँड्सहून येताना एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, रिकामी मिळाली. खरं कारण मला ठाऊक आहे. यिशुनची शुभदा येणार होती, आणि दोघींचं गणपतीत मोदकांच्या पाऱ्यांवरून बिनसलंय, तेव्हा आपण आधी पोचून आजींच्या कानाशी लागावं. लागली. मी सगळं ऐकून घेतलं. मग शुभदा आली, तिचंही ऐकून घेतलं. दोघींनी माझ्या चिवड्याची कृती मागितली आणि दोघींना मी वेगवेगळी सांगितली. काय मजा आली म्हणून सांगू. परदेशात नातीकडे आले म्हणून, वाईला बसून हे सुख मिळालं नसतं.

मीनलचा नवरा निशिकांत मागून आला तो खांद्यावर गोणी घेऊन. मला वाटलं दिवाळीला हा काय कोळसे आणतोय. उघडून बघते तर अळू. काळ्या देठाचं, वडीचं, मुळासकट आणि चिखलासकट. निशिकांत वुडलँड्सच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. तिथं रानाच्या कडेला एक ओहोळ आहे, तो उद्या बुजवणार. म्हणाला, "जेसीबी येऊन उभा आहे, आजी. एवढं अळू डोळ्यांदेखत गाडलं जायचं, बघवेना." बरोबरच्या चिनी इंजिनिअरांनी त्याला वेड्यात काढलं म्हणे. काढेनात का. मी लगेच दोन कुंड्यांत आणि रंगाच्या एका रिकाम्या बादलीत लावून बाहेरच्या पॅसेजमध्ये ओळीनं ठेवलं. जुन्या मातीसकटच लावलं, म्हणजे रुसत नाही.

अनघा मात्र फराळाला नव्हती. दिवाळीचा रविवार, आणि माझी नात युनिव्हर्सिटीत. संध्याकाळी आली, उभ्यानं दोन चकल्या खाल्ल्या आणि खोलीत गेली. अळू मीनलनं दिलं एवढं सांगितलं, तेही तिच्या कानावरून गेलं.

ही वही तिनंच मला दिली. आजी, मी दिवसभर नसते, तू लिहीत जा. मी चौथीपर्यंत शिकलेली. काना-मात्रा चुकला तर कोण बघायला येतंय.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज अनघा बोलली. मीच बोलतं केलं, डोक्याला तेल लावता लावता. तेल लावताना तिला उठून जाता येत नाही.

अनघा गोगलगायींची डॉक्टर आहे. वाईत मला विचारतात, काय औषध देते. औषध नाही देत. कोणती गोगलगाय कोणाच्या घरातली हे ठरवते. तिनं मला समजावलं ते असं, की सगळे जीव म्हणजे एकात एक बसणारे डबे. मोठ्या डब्यात सगळे प्राणी. त्यात एक डबा मऊ अंगाच्यांचा, त्यात गोगलगायींचा, त्यात त्यांची घराणी, आणि सगळ्यात आतल्या इटुकल्या डब्यात एकच जात. नाव दोन शब्दांचं, आडनाव आधी आणि नाव मागून, रेशनकार्डावर असतं तसं. मी म्हटलं, मग यात एवढं शिकायचं काय? तर म्हणाली, दिसतं एकसारखं आणि असतं परकं, हीच तर पंचाईत. कवच बघून फसायला होतं. पोट उघडून आतल्या इंद्रियांची ठेवण बघावी लागते. कोणती इंद्रियं ते तिनं सांगितलं. मी इथं लिहिणार नाही.

तर दोन वर्षांपूर्वी तिला एका ओहोळाकाठी वाटाण्याएवढं एक रिकामं कवच सापडलं. बाकी गोगलगायींचं तोंड उजवीकडे उघडतं, हिचं डावीकडे. अनघाचं म्हणणं ही नवीनच जात. तसा लेख लिहून तिनं धाडला. परवा उत्तर आलं, की एका रिकाम्या कवचावरून आम्ही मानत नाही. हे आधीच माहीत असलेल्या जातीतलं एखादंच उलटं निपजलेलं पिल्लू असेल. जिवंत आणखी आणा, मग बघू.

मला त्यांचं पटलं, पण बोलले नाही. माझा मुलगा प्रबोध डावखुरा, म्हणून त्याचं कुळ काय वेगळं?

काल ती त्या ओहोळावर गेली होती. तिथं सगळीकडून पत्रे ठोकलेत आणि आत नुसती लाल माती. ओहोळच नाही. "आजी, मी पंधरवडा आधी गेले असते तर." एवढं म्हणाली आणि माझे हात बाजूला करून उठून गेली. तेल तसंच वाटीत राहिलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

रोज अंधार असतानाच निघते. आसपासचे सगळे ओहोळ उपसून झाले. पायांना जळवा लागून येते, मोज्यात रक्त. हवं तसं काही मिळत नाही. डबा दिलेला तसाच परत येतो, भेंडी वरून सुकलेली. मोरीत जाऊन नळ सोडते. पाण्याखाली रडणं लपतं असं तिला वाटतं. मीही संसार केलाय, मलाही तो नळ माहीत आहे.

क्लेमेंटीतल्या या घरात तिच्याबरोबर राहणारी जाई देशात गेली आहे. म्हणजे मी इथं नसते तर ही पोर एकटी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज मला फार आनंद झालाय आणि तो सांगायला घरात माणूस नाही, म्हणून वहीला सांगते.

अळू छान धरलं. नवीन पानं सुपाएवढी आली. पण सकाळी बघते तर पानांना भोकं, आणि देठाच्या बेचक्यात बारक्या बारक्या गोगलगायी. माझं डोकं फिरलं. मीठ आणायला आत गेले. अनघा दारात बूट घालत होती, तिला म्हटलं, तुझ्या नातेवाईक आल्यात माझं अळू खायला. तर बुटाची नाडी हातात तशीच धरून तिनं विचारलं, "डाव्या की उजव्या?"

मी म्हटलं थांब. देवातला शंख आणला. शंख आपण धरतो तसा धरला, पिळाचं टोक खाली, पन्हळ वर, तोंड आपल्याकडे. आपला शंख साधा, डावा. आता एक गोगलगाय उचलून तशीच धरली. तिचं तोंड उजवीकडे. दुसरी घेतली, तीही उजवी. मी ओरडूनच सांगितलं, उजव्या आहेत, सगळ्याच्या सगळ्या उजव्या. अनघाचा चेहरा विझला. म्हणाली, मग त्या इथल्या कुंड्याकुंड्यांत असतात त्याच. आणि बसला गेली.

तिला काय कळणार उजव्याचं मोल. भटजी त्याला दक्षिणावर्ती म्हणतात. आमच्या वाईला अख्ख्या गणपती आळीत उजवा शंख एका घरी होता आणि तो बघायला लोक सणाला जायचे. इथं माझ्या अळूवर लक्ष्मी पिलांसकट येऊन बसली आणि मी मीठ टाकायला निघाले होते. त्यातल्या तीन मोठ्या उचलल्या. स्टीलच्या डब्यात अळूचा तुकडा आणि ओलं फडकं घालून, झाकणाला भोकं पाडून, देवापुढे ठेवल्या. अनघाचं काम होईपर्यंत राहतील. पानं रोज बदलेन. तिला सांगणार नाही. देवाच्या गोष्टींना ती नाक मुरडते. बाकीच्यांना म्हटलं खा बायांनो, तुमचंच आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अनघानं माळ्यावरची बॅग खाली काढली. झटकून पुन्हा वर ठेवली. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. तिचे साहेब, टॅन सर, यांनी स्पष्ट सांगितलं की नवीन जात ठरली तर नोकरीची पुढची दोन वर्षं देववतील. नाही तर डिसेंबरअखेर नोकरी संपली, इथं राहायचा पासही संपला. मी म्हटलं, चल की मग वाईला, कृष्णेत कमी का गोगलगायी आहेत. गंमत केली. ती म्हणाली, "आजी, मला दुसरं काहीच येत नाही गं."

देवापुढे जाऊन बसले. डब्यातल्या तिघींना नवीन पान घातलं आणि म्हटलं, तुम्ही नुसत्याच जेवताय, जरा मनावर घ्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दोन माणसं आली, गळ्यात ओळखपत्रं. डासांची तपासणी. मला इंग्रजी येत नाही, त्यातला एक तमिळ होता, त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलले. अळूच्या बेचक्यांत पाणी साचतं आणि त्यात डासांची अंडी होतात, डेंग्यूचे दिवस आहेत, म्हणाला. हे काढा, सोमवारी परत बघायला येऊ, नाही काढलं तर दंड. माणूस चांगला होता, त्याला चिवडा दिला. खाल्ला नाही, ड्यूटीवर होता.

ते गेल्यावर मीनलला फोन केला. ती म्हणाली, दंडाचा आणि पासाचा संबंध नसेल आजी, पण इथं काही सांगता येत नाही. झालं. आधीच पोरीचा पास लटकतोय, त्यात माझ्या अळूपायी तिच्या नावावर डाग नको. उद्या सकाळी सगळं कापते. कापलेलं वाया घालवायचं नाही, वड्या करते. ती पहिल्यापासून माझ्या हातच्या वडीवर जीव टाकते. निदान पोटात काही जाईल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल लिहवलं नाही.

रविवारी सकाळी अळू कापलं. पानं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, कीड असेल ती सुटते. सुटली. तळाशी बसल्या त्या सगळ्या मोरीत ओतल्या. लक्ष्मी म्हणून हात जोडले आणि ओतल्या. तीन आहेतच ना देवापुढे, मनात म्हटलं. कुंड्यांतली माती पिशव्या भरून कचरा थेट खाली पडतो त्या च्यूटमध्ये टाकली, बादली घासून पालथी घातली. मग पानांच्या शिरा काढल्या, चिंच-गुळाचं बेसन लावलं, वळकट्या उकडल्या, तळल्या.

अनघा बसली जेवायला. किती दिवसांनी बसली. पहिली वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, हसली सुद्धा. तिसरीत कचकन आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, माझ्या वडीत खडा? तिनं तोंडातून काढलं आणि बोटावर धरलं. खडा नव्हता. मी तर रामराम म्हणत उठले. शाकाहारी घरात हे. ती मात्र खिडकीपाशी गेली. उजेडात ते कवच न्याहाळलं.

"ही कुठली, आजी?"

"अळूवरची. देठात राहिली असेल. चूळ भर आधी."

"मी विचारलं होतं तुला. तू उजव्या म्हणालीस."

"उजव्याच आहेत," म्हटलं आणि शंख घेऊन आले, तिला दाखवायला. धरला, पिळाचं टोक खाली. तिनं माझ्या हातातला शंख बघितला. मग तो माझ्या हातातच हळूच फिरवला, पिळाचं टोक वर. "आम्ही असा धरतो," म्हणाली. जे डावीकडे होतं ते उजवीकडे गेलं. मग ते कवच तसंच टोक वर करून धरलं. कवचाचं तोंड डावीकडे होतं.

जगाच्या पाठीवर शंख असाच धरतात, आईनं धरला, आजीनं धरला, दुसरी काही रीत असेल हे माझ्या मनातच आलं नाही.

अळू कोणी दिलं, तिनं विचारलं. मीनलनं. मीनलनं कुठून आणलं? निशिकांतनं, कामावरून, एक ओहोळ बुजवणार होते तिथून. हे सांगता सांगता माझं मला ऐकू आलं मी काय सांगतेय ते. माती कुठं आहे, म्हणाली. च्यूटमध्ये टाकली म्हटल्यावर अनवाणी धावली. खाली कचरा जमतो त्या खोलीशी गेली. गाडी येऊन गेली होती. अर्ध्या तासानं वर आली, कोपरापर्यंत काळे हात, अंगाला घाण वास. मोरीत गेली नाही, नळ सोडला नाही. जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडली. एवढी मोठी झालेली माझी नात अशी रडताना मी कधी ऐकली नव्हती. तिच्या डोक्यावर हात ठेवावा तर हाताला मिठाचा वास.

मी म्हटलं, "देवापुढच्या तीन चालतील का गं?"

तिला कळेचना. डबा आणून दिला. तिनं झाकण काढलं. एक वाळून कवचाला चिकटलेली. दोन फडक्याखाली, शिंगं बाहेर काढून.

ती डब्याकडे बघत होती आणि माझा हात धरून बसली होती. किती घट्ट, ते मनगट अजून दुखतंय. आज ती डासवाली माणसं परत आली, कुंड्या रिकाम्या बघून छान म्हणून अंगठा वर करून गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

टॅन सर आले, बरोबर म्युझियमची एक चष्मेवाली बाई. दोघांनी न सांगता बाहेर बूट काढले. घरी खायला काही नव्हतं. वड्या मी सगळ्या टाकून दिल्या होत्या. चकल्या दिल्या, त्यांनी बशी संपवली. टॅन सर मला आंटी म्हणतात. त्यांना मावशी, काकू, आत्या, आजी सगळ्या आंटीच. एवढे डबे लावणारी माणसं, आणि बायकांना एकच डबा.

देवघरासमोर मांडी घालून ते दोघं भिंगातून बघत होते. मग इंग्रजीत खूप बोलणं झालं, आणि हळू हळू आवाज खाली गेले. ते गेल्यावर अनघानं सांगितलं.

निशिकांतनं फोनवर जागा पक्की सांगितली, तोच ओहोळ. तिथं आता काँक्रीट पडलंय. वडीतली एक, वाळलेली एक आणि या दोघी, चौघींची तोंडं एकाच बाजूला. म्हणजे उलटं निपजलेलं पिल्लू नव्हे, रीतच ती. तेवढं सिद्ध झालं. पण कोणत्या घराण्यातली हे पोट उघडल्याशिवाय कळत नाही. वाळलेलीच्या पोटात काही उरलं नाही आणि शिजलेलीच्या तर नाहीच. जिवंत दोघींतली एक उघडावी लागेल. मग उरते एक. एकटीचं पुढे काही होईल न होईल. कदाचित जगातली शेवटचीच.

सर म्हणाले, तू ठरव. लेख सोमवारी पाठवायचाय. आम्ही शनिवारी सकाळी येतो. तोवर यांना हलवू नका, याच डब्यात रुळल्यात, इथंच राहू द्या.

"मारल्याशिवाय नाव मिळत नाही, आजी. आणि नाव नसलं तर ही कधी होती हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "बारशाला पाळण्यातलं पोर मारतात का?"

बोलायला नको होतं. आधी मोरीत ओतलेल्या सगळ्या आठवल्या. मारायचं काय ते मीच मारून बसले आणि वर तिला शहाणपण सांगते. ती डब्यापाशी जाऊन भिंतीला टेकून बसली. एकीकडे तिची सगळी वर्षं आणि एकीकडे वाटाण्याएवढा जीव, आणि मला कोणाच्या बाजूनं हात जोडायचे ते कळेना. समईची वात तेवढी पुढे सारली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काल दिवसभर तिनं काही खाल्लं नाही. मी पेजेची वाटी तिच्यापुढे ठेवत होते आणि उचलत होते. संध्याकाळी एकदाच म्हणाली, डावीकडची घेईन, ती मोठी आहे. मग थोड्या वेळानं म्हणाली, नको. आज सकाळी भिंतीला टेकल्या टेकल्या तिला डोळा लागला. मी पांघरूण घातलं, तरी जागी झाली नाही. पंखा बारीक केला.

पूजेला बसले. डब्यातलं पान सुकलं होतं, बाजारातून आणलेला लेट्यूसचा तुकडा आहे, अळू आता कुठलं. दोघी आहेत जागच्या जागी. मोठी फडक्याखाली एका कोपऱ्यात गप्प बसलीय, जेवायलाही आली नाही. तिच्याखाली फडक्याला पांढरे दाणे चिकटलेत, राजगिऱ्याएवढे, एकाला एक लागून, दहा-बारा असतील. काल नव्हते. परवा मी नैवेद्याला शिरा केला होता, त्यातला रवा सांडला की काय. पण रवा असा चकचकत नाही. बुरशी म्हणावी तर ती अशी गोल नसते.

पाहुणे येणार तर डबा स्वच्छ असावा, म्हणून फडकं झटकायला हात घातला होता. मग काढून घेतला. मी आता या घरात काही झटकत नाही आणि काही ओतत नाही. झाकण होतं तसं लावलं. अनघा उठली की तिलाच विचारीन हे काय आहे. झोपू दे तोवर.

टॅन सर आणि ती बाई शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.